अण्णांना ऐकू येतं, पण कळत नाही: घरातल्या माणसाचं ऐकणं कमी होतंय हे ओळखायचं कसं आणि त्याला डॉक्टरकडे न्यायचं कसं

मागच्या वर्षी मे महिन्यात माझ्या पोराचा पहिला दात पडला. पुण्यातनं इचलकरंजीला व्हिडिओ कॉल लावला, पोरगं तोंड आ करून ओरडतंय "आजोबा, माझा दात पडला!" आणि अण्णा तिकडनं एकदम खूश होऊन, "शाब्बास! असाच अभ्यास कर." आम्ही सगळे हसलो, अण्णा पण हसले, पोरगं तेवढं हसलं नाही. त्यानं फोन माझ्या हातात दिला आणि म्हणालं, आजोबा ऐकतच नाहीत.

मी नेटवर्कवर ढकललं. पण नंतर मागचं एकेक आठवायला लागलं आणि लक्षात आलं की हे किमान चार वर्षं चाललंय आणि आपण घरातले चार शहाणे लोक बघत बसलोय. म्हणून हे सविस्तर लिहितोय, ज्यांच्या घरी असंच काहीतरी चालू आहे त्यांच्यासाठी. मी डॉक्टर नाही, एका ७१ वर्षांच्या हट्टी माणसाचा मुलगा आहे, ज्यानं आधी सगळं चुकीचं केलं.

आधी ओळखायचं कसं

टीव्हीचा आवाज मोठा होणं हे सगळ्यांना माहितीये, पण ते लक्षात येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. त्याच्या आधीच्या खुणा बारीक असतात आणि त्या सगळ्या आपण स्वभावावर घालतो. म्हातारपण आलं, चिडचिडे झालेत, लक्षच नसतं, स्वतःच्याच तंद्रीत असतात वगैरे.

आमच्याकडे काय काय होत होतं सांगतो. फोन वाजला की अण्णा तो उचलून सरळ आईच्या हातात द्यायचे, "बघ गं कोण आहे." चार जण बोलत असले की सगळे हसून झाल्यावर अर्ध्या सेकंदानं हसायचे, म्हणजे विनोदाला नाही, आमच्या हसण्याला हसायचे. दोघंच शांतपणे बसलो असलो तर गप्पा व्यवस्थित, आणि लग्नाच्या हॉलमध्ये गेलं की एकदम मुके, कोपऱ्यातली खुर्ची पकडून बसायचे आणि जेवण झालं की लगेच "चला निघू." माझं बोलणं समजायचं पण माझ्या बायकोचं आणि पोराचं नाही, कारण बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज बारीक पट्टीतला असतो, आणि बायकोला वाटत राहिलं की सासरे मुद्दाम दुर्लक्ष करतात. कोरोनात सगळ्यांच्या तोंडाला मास्क आले तेव्हा अण्णा दुकानात जायचेच बंद झाले. आम्हाला वाटलं घाबरलेत. आता कळतं की ते इतकी वर्षं लोकांच्या ओठांकडे बघून अर्धं ऐकत होते आणि मास्कनं ते ओठच झाकले.

अजून एक अगदी पक्की खूण. हळू बोललं की "काय? काय म्हणालास?" आणि जरा आवाज चढवला की "अरे ओरडतोस कशाला, बहिरा आहे का मी!" या वाक्यावर आपण हमखास चिडतो. पण हा नखरा नसतो. कानाच्या आतली नस कमजोर झाली की बारीक आवाज पोचत नाही आणि मोठा आवाज मात्र लगेच टोचायला लागतो, मधली सोसवेल अशी जागाच अरुंद होते.

आणि तक्रार काय असते तर "तुम्ही सगळे तोंडातल्या तोंडात बोलता." हे वाक्य ऐकलं की समजून जा. कारण त्यांच्या बाजूनं ते शंभर टक्के खरं आहे. वय झाल्यावर किंवा गोंगाटात काम करून जो कान जातो तो सगळ्या आवाजांना सारखा जात नाही, आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. आपल्या बोलण्यात अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस असतात, तर स, श, त, ख, फ ही व्यंजनं हलकी आणि वरच्या पट्टीतली. म्हणजे "साप", "ताप", "काप" या तिन्ही शब्दांतला "आ" कानाला व्यवस्थित लागतो आणि पुढंमागं काय होतं ते अंदाजानं भरायचं. आई एकदा स्वयंपाकघरातनं म्हणाली, "शेजारच्या पोराला ताप आलाय," तर अण्णा उठून काठी शोधायला लागले. त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो, आणि तेव्हासुद्धा कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही!

म्हणून "त्यांना ऐकू येतं की, परवा मी हळू बोललो ते बरोबर ऐकलं" हे म्हणणं सोडून द्या. ऐकू येतंच. कळत नाही, हा प्रॉब्लेम आहे. आणि म्हणूनच ओरडून फायदा नसतो, ओरडल्यावर स्वर मोठे होतात, व्यंजनं तिथल्या तिथंच राहतात, आणि वर आपला चेहरा रागावल्यासारखा दिसतो ते वेगळंच.

बाकी छोट्या गोष्टी म्हणजे दाराची बेल, मिक्सरच्या पलीकडनं मारलेली हाक, घड्याळाचा बीप, पक्ष्यांचा आवाज ऐकू न येणं, कुकरची शिट्टी झालीच नाही असं म्हणणं, बोलताना नेहमी एकच कान पुढं करणं, कानात सतत शिट्टी किंवा गुंई वाजतंय असं सांगणं, आणि संध्याकाळपर्यंत थकून जाणं. हे शेवटचं कुणी धरत नाही पण दिवसभर अंदाज लावत ऐकणं म्हणजे कष्टाचं काम आहे.

घरी जरा अंदाज घ्यायचा असेल तर डॉक्टर करतात ती एक साधी पद्धत आहे. त्यांना सांगून, राजीखुशीनं, त्यांच्या मागं हातभर अंतरावर उभं राहायचं म्हणजे ओठ दिसत नाहीत, त्यांनी एका कानाच्या भोकावर बोट दाबून हळूहळू चोळत राहायचं, आपण श्वास सोडून कुजबुजत तीन आकडे म्हणायचे, उदाहरणार्थ चार, नऊ, सात, आणि त्यांनी परत म्हणायचे. चुकले तर दुसरे तीन घ्यायचे. दोन्ही वेळचे धरून अर्ध्याहून जास्त चुकत असतील तर तपासायला हवं एवढंच त्यातनं कळतं, आजार कळत नाही. आणि हे पाहुण्यांसमोर खेळ म्हणून करू नका प्लीज.

थांबायचं नाही असे प्रकार

मनवत वगैरे बसायचं ते हळूहळू कमी होणाऱ्या ऐकण्यासाठी. एका कानाचं ऐकणं अचानक, म्हणजे रात्री झोपताना ठीक आणि सकाळी उठल्यावर बंद, किंवा दोन-तीन दिवसांत एकदम कमी झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. सर्दीनं दडा बसला असेल म्हणून आठवडा काढू नका. त्यात स्टेरॉइडचे उपचार असतात आणि ते जितके लवकर सुरू होतील तितकी आशा जास्त, पहिले दोन आठवडे महत्त्वाचे. तसंच फक्त एकाच कानाचं ऐकणं कमी होत चाललं असेल, चक्कर येत असेल, कान वाहत असेल, दुखत असेल, रक्त येत असेल तर लगेच दाखवा. आणि बहिरेपणाबरोबर तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळायला लागलं किंवा हातापायातली ताकद गेली तर डॉक्टरची वेळ वगैरे मागत बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला न्या.

कानात तेल घालू नका. माहितीये, लसूण घालून कोमट केलेलं तेल आजीपासून चालत आलंय, पण कानाच्या पडद्याला भोक असेल तर ते तेल सरळ आत जातं, आणि भोक आहे की नाही हे घरी बसून कळत नाही. काडेपेटीची काडी, हेअरपिन, कापसाच्या काड्या, बसस्टँडबाहेरचा कान साफ करून देणारा, हे सगळं बंद. मळ साचून ऐकू न येणं हे खूप कॉमन आहे आणि ते डॉक्टरकडे एका खेपेत निघतं, आमच्या गल्लीतल्या एक मावशी वर्षभर बहिरेपणा आला म्हणून रडत होत्या आणि निघाला सुपारीएवढा मळ. म्हणून सगळ्यात आधी कान आतनं बघून घेणं, ऐकायचं मशीन वगैरे नंतर.

औषधांची यादी पण सोबत न्या. टीबीसाठी पूर्वी घेतलेली स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं, जेंटामायसिन, अमिकासिन, कॅन्सरवरचं सिसप्लॅटिन यांनी कानावर परिणाम होऊ शकतो. डायबेटीस असेल तर तेही सांगा. पण कुठलीही चालू गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही.

आता अवघड भाग, विषय काढायचा कसा

मी काढला तो असा. दिवाळीत, सगळे जेवायला बसलेले, ताई-भावजी आलेले, आणि अण्णांना भाजी हवी का विचारलं तेव्हा त्यांनी आमटी ऐकून काहीतरी घोळ झाला, मी सगळ्यांसमोर म्हणालो, "अण्णा तुम्हाला ऐकू येत नाही, आता मशीन घ्यायलाच पाहिजे." जावयासमोर! अण्णांनी ताट अर्धं ठेवलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईला म्हणाले, त्याला सांग मला सगळं ऐकू येतं, नको ते पण.

आपल्याकडे चष्म्याला कुणी हसत नाही. अण्णांनी पंचेचाळिसाव्या वर्षी चष्मा लावला, मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आले आणि चार दिवस काळा गॉगल घालून ऐटीत फिरले. पण बहिरा हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, विनोदात वापरतो, "बहिरा आहेस का रे" हे दिवसातनं दहा वेळा पोरांना म्हणतो, आणि मग त्याच शब्दाचं लेबल बापाला लावायला जातो. तो शब्द घरातनं काढून टाका आधी.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली आणि हे सगळं लिहायचं खरं कारण तेच आहे. अण्णांच्या आधी मला आईशी बोलायला पाहिजे होतं. कारण गेली चार वर्षं आई त्यांचा कान झाली होती. कुणी काही विचारलं की अण्णा आईकडे बघायचे, आई तेच वाक्य जवळ जाऊन, त्यांच्या सवयीच्या शब्दांत परत सांगायची, अण्णा उत्तर द्यायचे. बँकेत, दवाखान्यात, लग्नात, सगळीकडे. इतकं सहज चालायचं की आम्हाला दिसलंच नाही आणि अण्णांना पण कधी अडलं नाही. मग आई ताईकडे तीन आठवडे गेली, मी घरून काम म्हणून इचलकरंजीला येऊन राहिलो, आणि पहिल्या दोन दिवसांत चित्र स्पष्ट झालं. गॅसवाला दारात पाच मिनिटं उभा राहून परत गेला. अण्णा समोरच्या खोलीत पेपर वाचत होते.

तुमच्या घरातही असं कुणीतरी असतं, बहुतेक वेळा बायको, कधी सून, कधी नातवंड. ते प्रेमापोटीच करतात पण त्यामुळे त्या माणसाला स्वतःचं किती सुटतंय हे कधी कळतच नाही. मी आईला म्हणालो तू एकदम बंद करू नको, ती शिक्षा होईल, पण लगेच धावून जाऊ नको. ते "काय?" म्हणाले तर ज्यानं विचारलंय त्यालाच परत सांगू दे. आणि त्यांच्या वतीनं उत्तर देऊ नको. आईला हे भयंकर जड गेलं. ती म्हणाली, "लोकांसमोर त्यांचा पचका झालेला मला बघवत नाही रे." पण महिन्याभरात अण्णाच एकदा म्हणाले, हल्ली फोनवर जरा त्रासच होतो.

ही फट पडली की तिथून शिरायचं. वेळ सकाळची, चहाची, टीव्ही बंद, घरात दुसरं कुणी नाही, समोरासमोर बसून, तोंडावर उजेड असेल असं. तुमचं काय चुकतंय हे नाही सांगायचं, माझं काय अडतंय ते सांगायचं. मी म्हणालो, "अण्णा, पोरगं तुमच्याशी बोलायला येतं आणि मग फोन मला देतं, मला ते बरं नाही वाटत." आणि दातवाली गोष्ट पहिल्यांदा त्यांना खरी काय झाली होती ती सांगितली. अण्णा बराच वेळ कपातल्या चहाकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी त्याला अभ्यास कर म्हणालो होय." बास. मी पुढं मशीनचा म सुद्धा काढला नाही.

मशीन घ्या असं म्हणूच नका सुरुवातीला, फक्त तपासून घेऊ म्हणा, शुगर-बीपी वर्षातनं एकदा बघतो तसं. खोटं सांगून मात्र नेऊ नका, म्हणजे माझीच तपासणी आहे चला सोबत आणि तिथं गेल्यावर त्यांनाच खुर्चीत बसवलं, असलं काही नको. माझ्या मनात तो विचार आला होता, बायकोनं हाणून पाडला, बरं झालं. विश्वास गेला की मशीन ड्रॉवरमध्येच जाणार.

माणूस ज्या गोष्टीसाठी जीव टाकतो आणि जी हळूच सोडून बसलाय ती शोधा. अण्णांचं भजन होतं. विठ्ठल मंदिरात एकादशीला टाळ घेऊन पुढच्या रांगेत बसणारा माणूस, आधी मागच्या रांगेत गेला, मग कंबर दुखते म्हणून जायचाच बंद झाला. कंबर वगैरे काही नव्हतं, अभंग कुठला उचललाय हे कळायचं नाही आणि टाळ चुकायचा. मंडळातल्या एका काकांनी वर्षभरापूर्वी मशीन लावलं होतं, मी त्यांना गाठलं आणि सांगितलं की तुम्ही उपदेश काही करू नका, नुसतं घरी येऊन चहा प्या. आले, बसले, आणि अण्णांनीच विचारलं, "ते काय दिसतंय कानामागं?" मुलगा तासभर सांगून जे होत नाही ते बरोबरीच्या माणसाच्या दहा मिनिटांनी होतं.

तरी नाही म्हणाले तर? सोडा महिनाभर. रोज तेच तेच लावू नका. विसरभोळेपणाची भीती घालून तर अजिबात नको. ऐकण्याची कमतरता हा डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींपैकी एक मानला जातो, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ कमिशननं २०१७ पासून तो तसा मोजलाय, पण "मशीन नाही लावलं तर वेड लागेल" असं म्हातारपणाला घाबरलेल्या माणसाला सांगणं क्रूर आहे आणि ते तसं खरंही नाही. ही माहिती तुम्ही टाळाटाळ करू नये म्हणून तुमच्यासाठी.

तपासणीत काय होतं

आधी कान-नाक-घशाचे डॉक्टर कान बघतात, मळ असेल तर काढतात, मग ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे, ऑडिओमेट्री. मोठ्या सरकारी हॉस्पिटलांत आणि मेडिकल कॉलेजांत ती सोय असते, मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून हेच काम करते. खासगीत कुठं जाणार असाल तर ऑडिओलॉजिस्टचं भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन आहे ना विचारा, नुसता मशीन विकणारा माणूस नको.

काचेच्या बंद खोलीत बसवतात, हेडफोन लावतात, हातात बटण देतात. आवाज ऐकू आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी. २५० हर्ट्झपासून ८००० हर्ट्झपर्यंत एकेका पट्टीला माणसाला कमीत कमी किती डेसिबलला, म्हणजे किती मोठ्या आवाजाला, ऐकू येतं ते बघतात आणि आलेख काढतात, उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात २० डेसिबलच्या आत असेल तर ठीक, ३५ ते ५० च्या मध्ये असेल तर मध्यम कमतरता. टक्क्यांत विचारू नका, "किती टक्के बहिरे" याला तिथं फारसा अर्थ नसतो. आलेखाची कॉपी मात्र हमखास मागून घ्या, ती तुमची आहे.

अण्णा परीक्षेला बसल्यासारखे बसले होते. आवाज नसतानाही पटापट बटण दाबत होते, नापास व्हायला नको म्हणून. ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी दोनदा थांबवून शांतपणे समजावलं, काका इथं पास-नापास नाही, खरं दाबलंत तरच मला तुमच्यासाठी काही करता येईल.

मग आलेख समोर धरून त्यांनी एक प्रश्न विचारला, "काका, कुठं नोकरी केलीत?" ४००० हर्ट्झच्या आसपास दोन्ही कानांच्या आलेखात खड्डा होता, आणि हा खड्डा गोंगाटात काम केलेल्या माणसाचा असतो. अण्णा म्हणाले, माग. अडतीस वर्षं मागावर. कापड विणायचे धोट्याचे माग ज्यांनी बघितलेत त्यांना सांगायला नको, एका शेडमध्ये वीस-चाळीस माग खडाखडा चालू असले की आवाज ९० डेसिबलच्या वर असतो, जॉबरला (माग दुरुस्त करणाऱ्याला) हाक मारायची तर खुणेनं. कानात कापूस पण कुणी घालत नव्हतं. गोंगाटानं येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाना कायद्याच्या अनुसूचीत व्यवसायजन्य, म्हणजे कामामुळे होणारा, आजार म्हणून होता, पण ते आमच्यापैकी कुणाला कधी माहितीच नव्हतं.

बाहेर आल्यावर अण्णा वेगळेच वाटत होते. म्हातारपणानं गेलं नाही, कामानं गेलं, हे त्यांना पटलं होतं. रिक्षात स्वतःहून म्हणाले, "दोन्ही कानांचं घ्यायचं म्हणत्या होत्या ना त्या?"

मशीन आणि पहिले दोन महिने

आतल्या नसेचं, म्हणजे आतल्या कानातल्या बारीक केसांसारखे तंतू असलेल्या पेशींचं नुकसान परत भरून येत नाही. गोळी, ड्रॉप, तेल, मालिश, यूट्यूबवरचा रामबाण, यातलं काहीही नाही. मधल्या कानाचा दोष असेल, पडदा किंवा हाडं, तर ऑपरेशनचा विचार होऊ शकतो, ते डॉक्टर सांगतील.

मशीन काही हजारांपासून दोन-तीन लाखांपर्यंत मिळतं आणि महाग म्हणजे चांगलं असं नाही, शांत घरात राहणाऱ्या आणि रोज मीटिंगला जाणाऱ्या माणसाची गरज वेगळी असते. घ्यायच्या आधी ट्रायल मागा, शक्य असेल तर घरी नेऊन. पुढची किती सेटिंग फुकट, वॉरंटी किती, दुरुस्ती गावात होते की मुंबईला पाठवावी लागते, हे लेखी घ्या. ऑनलाइन हजार-दीड हजाराला जे मिळतं ते बहुतेक वेळा नुसता आवाज वाढवणारा डबा असतो, त्यानं भांड्यांचा आवाज पण तेवढाच वाढतो आणि मग माणूस कायमचा मशीनचं नाव काढत नाही. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, बिल बघून घ्या. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या वरच्या आणि वर्षाला दोन लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना अशा साधनांसाठी एकदा ३००० रुपये खात्यात मिळतात, केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री आणि एडिप (दिव्यांगांना साधनं देणारी) या योजना वेगळ्या, समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.

लावल्या दिवशी चमत्कार होईल अशी अपेक्षा ठेवू नका, आम्ही ठेवली आणि तोंडावर पडलो. अण्णांना स्वतःचाच आवाज घागरीत बोलल्यासारखा वाटत होता, पेपरची पानं उलटली तरी कानात चर्र, पंखा, चप्पल, कट्ट्यावर ठेवलेलं ताट, सगळंच अंगावर. मेंदू इतकी वर्षं हे आवाज विसरलेला असतो, त्याला परत सवय व्हायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने जातात. तिसऱ्या दिवशी मशीन डबीत. मी काही बोललो नाही, मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या आवाज थोडा कमी करून देते, आणि सकाळी घरात दोन तास लावा, एकाच माणसाशी बोला, मग हळूहळू वाढवा, बाजारात आणि लग्नात शेवटी.

बॅटरीचं एक सांगतो. चार्जिंगचं नसून बदलायच्या बॅटरीवालं मशीन असेल तर त्या छोट्या बटण बॅटरीवर रंगीत स्टिकर असतो, तो काढला की ती हवेनं चालू होते, काढून मिनिट-दोन मिनिटं तशीच ठेवून मग घालायची. रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवायचं. आमच्याकडच्या पावसात मशीनमध्ये ओल शिरते, त्यासाठी मशीन कोरडं ठेवणारी डबी मिळते ती घ्याच. आंघोळीला आणि झोपताना काढायचं. आणि वापरलेल्या बॅटऱ्या लहान पोरांच्या हाताला लागू देऊ नका, गिळल्या तर ती खरोखर इमर्जन्सी असते. मशीन शिट्टी मारत असेल तर बहुतेक वेळा नीट बसलेलं नसतं किंवा कानात मळ असतो.

घरच्यांनी बोलायची पद्धत बदलली नाही तर मशीन एकटं काही करत नाही. स्वयंपाकघरातनं बाहेरच्या खोलीत ओरडायचं बंद. आधी हाक मारा, त्यांनी बघितलं की मग बोला. विषय आधी सांगा, "लाइटबिलाचं बोलतोय", मग बाकीचं. नाही कळलं तर तेच वाक्य तीनदा म्हणण्यापेक्षा शब्द बदला. टीव्ही म्यूट करा, तोंडात घास असताना बोलू नका, एका वेळी एकानं बोला (आमच्या घरात हे सगळ्यात अवघड). वेळ, तारीख, पैसे असलं काही असेल तर व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा. फोनवर मराठी बोलणं लगेच अक्षरात दाखवणारी ॲपं आहेत, बँकेत वगैरे उपयोगी पडतात.

आणि "जाऊ दे, काही नाही" म्हणायचं नाही. ते काय म्हणून विचारतात आणि आपण जाऊ दे म्हणतो ना, अण्णांनी नंतर सांगितलं की त्यांना सगळ्यात जास्त ते लागायचं. अगदी फालतू गोष्ट असली तरी परत सांगा.

आता आठ महिने झालेत. घरात दिवसभर मशीन असतं, लग्नात अजूनही तासाभरानं काढतात आणि ते चालतं. भजनाचं मात्र जमत नव्हतं, टाळ वाजला की कानात खिळा ठोकल्यासारखं व्हायचं, पखवाज आणि पेटी एकात एक मिसळायची. मशीन बोलण्यासाठी सेट केलेलं असतं, गाण्यासाठी वेगळं सेटिंग करून घ्यावं लागतं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मागच्या महिन्यात अण्णा पिशवीत टाळ घालूनच क्लिनिकला गेले. मॅडम कॉम्प्युटरवर कमीजास्त करतायत, अण्णा खुर्चीत बसून टाळ वाजवतायत, बाहेर बसलेली माणसं दारातनं डोकावतायत, असं अर्धा तास चाललं. बटण दोनदा दाबलं की भजनाचं सेटिंग लागतं. अजून वरचा आवाज जरा बोचतो म्हणतात, पंधरा तारखेला परत बोलावलंय, टाळ घेऊन.